एका गिऱ्हाइकाला एकच

पीच स्ट्रीटवरच्या औषधांच्या दुकानात
रक्तदाब मोजायच्या यंत्राशेजारी
तारेचा एक स्टँड उभा केलाय.
वर पाटी : फुकट. एका गिऱ्हाइकाला एकच प्रत.

बत्तीस पानं, गुळगुळीत कागद,
मुखपृष्ठावर कॅप्टन ब्रॅडॉक,
म्हणजे रेक्स डनलेव्ही, ‘बंदर क्रमांक नऊ’मधला,
ज्याच्यापायी दर गुरुवारी रात्री आठला
अख्ख्या ईरी शहराची खरकटी भांडी
सिंकमध्ये तशीच पडून राहायची.
खरा रेक्स आता ऐंशी ओलांडून गेलाय.
चित्रात त्याला पस्तिशीपुढचा एक दिवसही दिलेला नाही :
केस, हनुवटीवरची खाच, पांढरा स्वेटर,
सगळं जागच्या जागी.
फक्त डाव्या कानामागे
वाटाण्याएवढं काहीतरी, चंदेरी,
आणि त्यातून निघालेल्या तीन पिवळ्या रेघा.

अंक काढलाय कानातली यंत्रं विकणाऱ्या कंपनीनं.

गोष्ट दोन मिनिटांत सांगून होते :
सरोवरावर धुकं. गोदामात तस्करांची कुजबुज.
साऱ्या बंदरात ती ऐकू येते एकट्या कॅप्टनला.
मग धावाधाव, मग स्फोट,
मग पान एकोणीस, पानभर एकच चित्र :
जळत्या बोटीवरून धक्क्यावर घेतलेली उडी.

ती उडी माझ्या बापाची आहे.

ऑर्विल पासेक.
शेवटी नावं सरकत जायची पडद्यावर,
त्यात हे कधी सरकलं नाही.
पाचवा भाग, नोव्हेंबर, पाणी गोठायला आलेलं.
कुणीतरी पिंपात पेट्रोल सढळ हातानं ओतलं,
आणि रेक्सच्या स्वेटरचा जोडीदार स्वेटर घालून
बाबा अजून हवेतच होते, तेव्हा
त्यांचा डावा कान गेला.
रेक्स गाडीत बसून कॉफी पीत होता.
वाईट माणूस नव्हता.
दर नाताळला हॅम पाठवायचा. बारा वर्षं पाठवलं.

मी प्रत घरी आणली, त्यांच्या उजव्या हाताला बसले.
बाबा ओठ हलवत वाचतात.
कानामागचा वाटाणा पाहून हसले :
‘ह्याला कुठे कमी ऐकू यायचं?
फक्त दिग्दर्शकाचं.’

पान एकोणीस. थांबले.
मी वाट पाहत राहिले, रागाची,
निदान एखाद्या उसाशाची.
आईही असाच श्वास रोखायची, दर गुरुवारी,
मारलेली उडी नव्यानं मारली जाताना.

बाबांनी खिशातून पेन्सिल काढली.
‘गुडघा चुकलाय,’ म्हणाले,
जरा मोठ्यानंच, सगळंच बोलतात तसं.
‘असा ताठ पाय टेकवला
तर उरलेला जन्म खुर्चीत.’
गुडघा वाकवला. कोपरं छातीशी आणली.
मग चेहऱ्यापाशी पेन्सिल घुटमळली.
‘आणि उडी मारताना
तोंड कॅमेऱ्याकडे नाही करायचं. कधीच.
हे तर पहिल्या दिवशी शिकवतात.’

चेहऱ्यावर त्यांनी बारीक बारीक केस काढले,
घाई न करता,
डोळे, खाच, हसू सगळं झाकेपर्यंत.
राहिली एक पाठमोरी मान,
मी जिच्यामागे सायकलवर बसून शाळेत गेले, ती.

शेवटच्या पानावरच्या कुपनाच्या मागे
(पहिली तपासणी मोफत, तीस जूनपर्यंत)
दूध, ब्रेड, दाढीचा साबण असं लिहून
मला बाजारात पिटाळलं.
‘आणि ते पुस्तक अजून एक मिळतं का बघ.
हे मी बिघडवलं.’

गल्ल्यावरची मुलगी असेल एकोणीस-वीसची,
नाकात चमकी, छातीवर नाव : टेव्हिया.
‘तुम्ही सकाळी नेलंत ना एक?’
हो, म्हटलं.
तिनं स्टँडकडे पाहिलं. स्टँड भरलेलाच होता.
‘न्या अजून. कुणी हात लावत नाही.
तसा हा माणूस आहे तरी कोण?’

मी पर्समधून आमची प्रत काढली
आणि गल्ल्यावर, च्युइंगमच्या बरणीशेजारी,
पान एकोणीस उघडलं.